दोन लीग आणि नववा नंबर

एडिसनकर

परवा टर्नपाइकवर गाडी अडकली होती. मागच्या सीटवरून धाकट्याचा प्रश्न आला, "बाबा, मेट्स नॅशनल लीगमध्ये आणि यँकीज अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे नक्की फरक काय?" मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वीस वर्षांपूर्वी कुणी हे विचारलं असतं तर सांगण्याच्या नादात दोन एक्झिट चुकवले असते. आता सांगायला उरलंय काय?

ज्यांच्यासाठी बेसबॉल म्हणजे चॅनेल बदलताना मध्ये दिसणारा प्रकार आहे त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. मेट्स आणि यँकीज हे दोन्ही न्यूयॉर्कचे संघ. नॅशनल लीग १८७६ ची, अमेरिकन लीग १९०१ पासून तिच्या बरोबरीची. एका वाड्यातल्या दोन चुली. अध्यक्ष वेगळे, अंपायर वेगळे, चेंडूवरची सहीसुद्धा वेगळी. मोसमभर एका लीगचा संघ दुसरीच्या वाटेला जायचा नाही. जुलैत दोन्हीकडच्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टारचा सामना, ऑक्टोबरात दोन्ही विजेत्यांची वर्ल्ड सिरीज, संपलं. १९९७ पासून मोसमातही आपसात सामने सुरू झाले.

पण खरी भिंत होती ती नवव्या नंबरची. बेसबॉलमध्ये नऊ जण खेळतात, नऊ जण बॅटिंग करतात, आणि पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, बॅटिंग येत नाही. येत नाही म्हणजे अगदी गल्लीतल्या लिंबूटिंबूइतकी येत नाही. १९७३ मध्ये अमेरिकन लीगनं त्यावर उपाय काढला, डेसिग्नेटेड हिटर, म्हणजे डीएच: हा गडी पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणार, फिल्डिंगला बाकावर. नॅशनल लीग म्हणाली, आमच्यात हे चालत नाही. मग जवळजवळ पन्नास वर्षं एकाच देशात, एकाच वर्ल्ड सिरीजसाठी, दोन नियमांचा खेळ चालला. २०२० मध्ये कोविडमुळे दोन्हीकडे डीएच आला, २०२१ मध्ये परत गेला, आणि २०२२ पासून कायमचा आला.

मी १९९९ मध्ये इथं आलो. पहिल्याच वर्षी रूममेटनं सात नंबरच्या ट्रेननं मेट्सच्या शे स्टेडियमला नेलं. सहावी इनिंग (एकूण नऊ, एकेकीत संघाला तीन आउटपर्यंत बॅटिंग), मेट्स एक रननं मागे, दोन आउट, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं. समोरच्या मॅनेजरनं आमच्या आठव्या बॅटरला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे न खेळवता फुकट पहिल्या बेसवर पाठवलं. तिन्ही बेस भरले. मला कळेना, हा शहाणा स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेतोय? रूममेट म्हणाला, "आता डगआउटकडे, खेळाडूंच्या बाकाकडे बघ." पन्नास हजारांच्या स्टेडियममधली सगळी तोंडं त्या एका पायरीकडे वळलेली. पिचर बॅट घेऊन बाहेर येणार की त्याच्या जागी पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर? पिचरनं झकास फेकलेलं, हात अजून ताजा. त्याला काढला तर पुढच्या तीन इनिंग कोण फेकणार? ठेवला तर तिन्ही माणसं बेसवर वाळत पडणार. ते दीड मिनिट मला जे आवडलं ते आवडलंच.

यँकी स्टेडियमला गेलो तेव्हा तेवढं दीड मिनिटच नव्हतं. बाकी सगळं होतं.

तर सवाल असा: दोन्ही लीगच्या खेळण्याच्या ढंगात खरंच फरक होता, की तो एवढ्या एका नियमाचा खेळ होता? आणि आता काही उरलंय का? ज्यांनी जुना काळ पाहिलाय त्यांनी कृपया लिहा.

शिवाजीपार्कचा

एडिसनकर, लेख मस्त, पण गेला तो नियम चांगलंच झालं. ज्याला येत नाही त्याच्या हातात बॅट द्यायचीच कशाला? शेवटच्या वर्षी, २०२१ मध्ये, पिचर लोकांची सरासरी .११० होती. म्हणजे दहा वेळा उभा राहिला तर नऊ वेळा मान खाली घालून परत. ह्याला परंपरा म्हणायचं?

आणि दुखापती वेगळ्याच. यँकीजचा पिचर वांग चिएन-मिंग २००८ मध्ये ह्यूस्टनला बेस पळताना पाय जायबंदी करून बसला. ह्यूस्टन तेव्हा नॅशनल लीगमध्ये, आणि नियम ज्याचं मैदान त्याचा, म्हणून ह्याला बॅट धरावी लागली. लागोपाठ दोन वर्षं एकोणीस-एकोणीस सामने जिंकलेला माणूस, परत कधी तसा दिसला नाही.

आपल्या आयपीएलमधला इम्पॅक्ट प्लेयर तरी वेगळा काय आहे?

भोचक

इम्पॅक्ट प्लेयरचं उदाहरण देऊन तुम्ही स्वतःचीच विकेट काढलीत. २०२३ पासून तो आला आणि रोहित शर्मापासून सगळे ओरडतायत की ऑलराउंडर मरतोय. आठव्या नंबरला थोडी बॅटिंग, चार ओव्हर, अशा माणसाला कुणी विचारत नाही. डीएचनं हेच १९७३ मध्ये केलं.

शिवाय क्रिकेटमध्ये अकरावा नंबर आला की डाव संपत आलेला असतो. बेसबॉलमध्ये नववा नंबर दर तीन इनिंगला दारात उभा. त्याचं काय करायचं हा प्रश्न सामनाभर डोक्यावर टांगलेला. फरक तिथं आहे.

पेन्सिलवाली

मी शिकागोला. इथं दोन्ही लीग एकाच रेड लाइनवर: उत्तरेला रिगली फील्ड, कब्ज, नॅशनल. दक्षिणेला व्हाइट सॉक्स, अमेरिकन. नवरा गाडी पार्क करायला घाबरतो म्हणून दोन्हीकडे ट्रेननंच जायचो. आणि मी स्कोअरकार्ड लिहायचे, अजून लिहिते, पेन्सिलनं.

नवीन लोकांसाठी: कार्डावर नऊ ओळी. प्रत्येक फिल्डरला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, असं करत राइट फील्ड ९. म्हणजे नॅशनल लीगच्या कार्डावर नवव्या ओळीत '१' लिहायचा.

दक्षिणेकडची माझी कार्डं अगदी देवघरासारखी स्वच्छ. नऊ नावं, शेवटपर्यंत बहुधा तीच. उत्तरेकडची? सातव्या इनिंगपर्यंत खोडरबरानं कागदाला भोक. कारण डबल स्विच.

हे एकदा नीट सांगते, कारण ह्यातच सगळं आहे. समजा सातव्या इनिंगला पिचर दमलाय आणि पुढच्या खेपेला बॅटिंगला पहिला नंबर त्याचाच. नवा पिचर आणला तर तोही नवव्या ओळीत बसणार आणि लगेच बॅटिंगला उभा. मग मॅनेजर काय करतो? पिचरबरोबर आणखी एकाला काढतो, समजा मागच्या इनिंगला शेवटचा आउट झालेला लेफ्ट फील्डर, आठवा नंबर. आता नवा पिचर त्या आठव्या ओळीत, आणि नवा लेफ्ट फील्डर नवव्या ओळीत. पिचरची पाळी आठ माणसं पुढे ढकलली. त्याला आता दोन इनिंग आरामात फेकता येतात. पण त्या बदल्यात एक चांगला लेफ्ट फील्डर कायमचा गेला, कारण बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला परत येत नाही. अकराव्या इनिंगला बाक रिकामा आणि मॅनेजर कपाळाला हात लावून.

माझ्या मते ढंग खेळाडूंचा वेगळा नव्हता, मॅनेजरच्या नोकरीचा वेगळा होता. नॅशनल लीगचा मॅनेजर घरखर्चाची वही घेऊन बसलेल्या गृहिणीसारखा: हे आत्ता खर्च केलं तर वीस तारखेला काय? अमेरिकन लीगचा मॅनेजर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचा.

शिवाजीपार्कचा

हाहा, बिया. पण ताई, लोक तिकीट काढून मॅनेजरची वही बघायला जातात का?

पेन्सिलवाली

मी जायचे.

एडिसनकर

शिवाजीपार्कचा, वांगचं खरं आहे. पण पिचरला बॅट धरायला लागण्याचा एक फायदा लोक विसरतात: उधारी चुकवावी लागायची.

जुलै २०००, यँकी स्टेडियम. यँकीजचा पिचर रॉजर क्लेमेन्सनं आमच्या माइक पियाझाच्या हेल्मेटवर चेंडू घातला. त्याच ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजमध्ये पियाझाच्या तुटलेल्या बॅटचा तुकडा उचलून त्याच्या दिशेनं भिरकावला. दोन्ही वेळा मैदान यँकीजचं, डीएच लागू, म्हणजे क्लेमेन्सला स्वतः बॅटिंगला उभं राहायची वेळच नाही. मेट्सवाले दोन वर्षं दात-ओठ खात बसले.

१५ जून २००२, शनिवार, शे स्टेडियम. नॅशनल लीगचं मैदान, डीएच नाही. मी वरच्या मजल्यावर, उन्हात. क्लेमेन्स बॅट घेऊन बाहेर आला आणि जो आवाज उठला तो मी नंतर तिथं क्वचितच ऐकला. आमचा पिचर शॉन एस्टेस. पहिलाच चेंडू... क्लेमेन्सच्या ढुंगणामागून गेला. चुकला! दोन वर्षं जपून ठेवलेला राग आणि ह्या गृहस्थाचा नेम चुकला. शेजारच्या आजोबांनी टोपी जमिनीवर आपटली. अंपायरनं दोन्ही बाजूंना ताकीद दिली, विषय संपला.

आणि मग त्याच एस्टेसनं, पिचरनं, नंतर क्लेमेन्सलाच होमरन (आपल्या सिक्सरसारखा) मारला. दोन रनचा. पियाझानंही मारला. ८-० जिंकलो. टोपीवाले आजोबा रडत होते की हसत होते ते सांगता येणार नाही.

डीएच असता तर ह्यातलं काय झालं असतं? काहीच नाही. एस्टेस बाकावर आणि क्लेमेन्सही बाकावर.

भोचक

ह्यावर अर्थशास्त्रवाल्यांनी बरंच डोकं चालवलंय. डीएच आल्यावर अमेरिकन लीगमध्ये बॅटरला चेंडू लागण्याचं प्रमाण वाढलं, ते पिचरला परतफेडीची भीती नाही म्हणून, असा एक पक्ष. दुसरा पक्ष म्हणतो की पिचरला मुद्दाम मारून फायदाच नाही, तो तसाही आउट होणारच. त्याच्या जागी चांगला बॅटर आला की मारण्याजोगा माणूस एकानं वाढला, म्हणून आकडा वाढला. मला दुसरं जास्त पटतं, पण एस्टेसची गोष्ट पहिल्याच्या बाजूची आहे हे मान्य.

जुनाखोड

मंडळी, मी १९७१ साली डेट्रॉइटला आलो. त्याच उन्हाळ्यात टायगर स्टेडियममध्ये ऑल-स्टार सामना झाला होता. रेजी जॅक्सनने मारलेला चेंडू छतावरच्या ट्रान्सफॉर्मरवर जाऊन आदळला तो मी सहकाऱ्याच्या घरी टीव्हीवर पाहिला. तो सामना अमेरिकन लीगने जिंकला. हे मुद्दाम सांगतो, कारण १९६३ ते १९८२ ह्या वीस वर्षांत अमेरिकन लीगने जिंकलेला तो एकमेव ऑल-स्टार सामना. बाकी एकोणीस नॅशनलचे.

आता ह्याचा डीएचशी काय संबंध? काही नाही. म्हणून तर लिहितो आहे. तुम्ही सगळे नवव्या नंबरला धरून बसला आहात. दोन लीगमधला ढंगाचा फरक त्याच्या आधीपासून होता आणि त्याचे कारण लाजिरवाणे आहे. १९४७ च्या एप्रिलमध्ये ब्रुकलिन डॉजर्सने जॅकी रॉबिन्सनला खेळवले. अमेरिकन लीगमध्ये क्लीव्हलंडने त्याच जुलैत लॅरी डोबीला आणले खरे, पण बाकीचे संघ रेंगाळले. बॉस्टन रेड सॉक्सने तर १९५९ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नव्हता. तोवर नॅशनल लीगमध्ये विली मेज, हँक आरन, अर्नी बँक्स, फ्रँक रॉबिन्सन, क्लेमेंटे येऊन बसले होते. ही माणसे, आणि त्यांतले कित्येक ज्या निग्रो लीगमधून आले तिथला खेळ, चपळ होता: बेस चोरणे (पिचर फेकत असताना पुढच्या बेसला पळणे), पिचरला बेसवरून सतावणे, सिंगलवर, म्हणजे एका बेसपुरत्या फटक्यावर, दोन बेस घेणे. "नॅशनल लीगचा खेळ" म्हणून जो नंतर मिरवला गेला तो मुळात त्यांनी बरोबर आणलेला खेळ. अमेरिकन लीग होमरनची वाट बघत बसली, कारण तिने ती माणसेच घेतली नव्हती.

दुसरे, अंपायरची गादी. हसू नका. डेट्रॉइटला मी पाहायचो तेव्हा अमेरिकन लीगचे होमप्लेटचे अंपायर छातीपुढे एक फुगीर गादी दोन्ही हातांनी धरून उभे राहत, जुन्या शिपायाच्या ढालीसारखी. ती घेऊन नीट वाकता येत नाही. म्हणून ते कॅचरच्या डोक्यावरून बघत. वरचा चेंडू त्यांना स्वच्छ दिसे, गुडघ्याजवळचा नाही. नॅशनल लीगचे अंपायर कवच शर्टाच्या आत घालत आणि कॅचरच्या खांद्याच्या बाजूला वाकून बसत. त्यांना खालचा चेंडू दिसे आणि ते तो स्ट्राइक देत, म्हणजे बॅटरला मारता येण्याजोगा धरत. त्यामुळे नॅशनलचे पिचर खाली खाली फेकत, खालच्या चेंडूवर बॅटरचा फटका जमिनीलगत जाई, आणि जमिनीलगतच्या फटक्यावर पळणाऱ्याचे महत्त्व वाढे. एका गादीमुळे बघा कुठवर जाते. १९७७ पासून अमेरिकन लीगच्या नव्या अंपायरांना गादी बंद झाली. जुन्यांना मुभा होती. शेवटची गादी १९८५ मध्ये जेरी न्यूडेकरबरोबर निवृत्त झाली. २००० पासून अंपायर दोन्ही लीगचे एकच.

डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यामुळे जास्त टंकत नाही.

एडिसनकर

काका, दंडवत. गादीचं माहीतच नव्हतं. डोळे सांभाळा, पण लिहा.

सेंटलुईसचीमाती

आमचा नंबर आला म्हणायचा! जुनाखोड काकांनी मेज-आरन सांगितले, मी त्याच्या पुढचं सांगतो. आमच्या सेंट लुईस कार्डिनल्सचं. सासरे इथं १९७९ पासून, त्यांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की मला आपण स्वतःच बघितल्यासारखं वाटतं.

१९८२ ची वर्ल्ड सिरीज. एकीकडे मिलवॉकी ब्रुअर्स, तेव्हा अमेरिकन लीगमध्ये, मोसमात २१६ होमरन. दुसरीकडे सेंट लुईस, ६७ होमरन. सदुसष्ट! दोन्ही लीगमध्ये सगळ्यात कमी. दोन लीगचा फरक शाळेत शिकवायचा असता तर ह्याच्याइतकं चांगलं चित्र मिळालं नसतं. सात सामने झाले, जिंकलो आम्ही.

पुढं १९८५ मध्ये तर संघानं ३१४ बेस चोरले. त्यातले ११० एकट्या विन्स कोलमनचे, आणि पोराचं पहिलंच वर्ष. कसं शक्य? कारण खाली गवत नव्हतं, कार्पेट होतं. तेव्हाच्या बुश स्टेडियममध्ये कृत्रिम हिरवळ, पिट्सबर्गला तीच, सिनसिनाटीला तीच, फिलाडेल्फिया, ह्यूस्टन, माँट्रियल सगळीकडे तीच. चेंडू खाली आपटला की रबरी चेंडूसारखा उसळून फिल्डरच्या डोक्यावर; तो खाली येईस्तोवर कोलमन फर्स्ट बेसवर. दोन फिल्डरांमधून गेलेला चेंडू तर थेट भिंतीपर्यंत घरंगळत जायचा. अशा मैदानावर पोटाचा घेर असलेला होमरनवाला लेफ्ट फील्डला उभा करून चालतंय होय? मॅनेजर व्हाइटी हर्झॉगनं पळणारी माणसं गोळा केली.

त्याच कोलमनचं पुढं काय झालं ऐका. ऑक्टोबर १९८५, प्लेऑफ, सामन्याआधी मैदानावर सराव चाललेला. पाऊस आला म्हणून ताडपत्रीचं स्वयंचलित यंत्र सुरू झालं. ते ताडपत्रीचं रूळ हळूहळू येऊन ह्याच्या पायावर चढलं. त्या वर्षी एकाही कॅचरला नीट न सापडलेला माणूस ताडपत्रीनं पकडला. मोसम संपला त्याचा. वर्ल्ड सिरीज कॅन्सस सिटीकडून सातव्या सामन्यात हरलो. सहाव्या सामन्यातला अंपायरचा फर्स्ट बेसवरचा निर्णय सासऱ्यांपुढे काढायचा नाही, असा घरात नियम आहे. (तो अंपायर अमेरिकन लीगचा होता, हे मात्र ते स्वतःच काढतात.)

भोचक

माती, गोष्ट छान, निष्कर्ष कच्चा. तुमच्या हर्झॉगनं कार्डिनल्सच्या आधी कुठं मॅनेजरकी केली? कॅन्सस सिटीत, अमेरिकन लीगमध्ये, डीएच लागू असताना. आणि तिथंही हाच खेळ: पळा, चोरा, रेटा. का? तिथंही कार्पेट होतं. आणि १९८२ मध्येच अमेरिकन लीगच्या ओकलंडमध्ये रिकी हेंडरसननं एका मोसमात १३० बेस चोरले, आधुनिक बेसबॉलमधला विक्रम, अजून कुणी मोडलेला नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की ही होमरनवाली लीग आहे.

म्हणजे लीगला ढंग नव्हता. मैदानाला होता, मालकाला होता, मॅनेजरला होता. कार्पेटची मैदानं योगायोगानं नॅशनलमध्ये जास्त होती इतकंच.

पेन्सिलवाली

भोचक, "इतकंच" म्हणू नका. दोन चुली ऐंशी-शंभर वर्षं वेगळ्या राहिल्या की एकीकडे गोडा मसाला आणि दुसरीकडे कांदा-लसूण मसाला होतोच. कारण काहीही असो. अमेरिकन लीगमधून नॅशनलमध्ये आलेले बॅटर पहिले दोन महिने चाचपडायचे: पिचर अनोळखी, स्ट्राइक झोन अनोळखी. ते काही भास नव्हते.

सेंटलुईसचीमाती

+१. आणि डेव्हिड ऑर्टिझ? अमेरिकन लीगचा जन्माचा डीएच. २०१३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये आमच्या मैदानावर आला तर डीएच नाही, म्हणून फर्स्ट बेसला उभा केला. म्हटलं आता धडपडणार. कसला धडपडतोय! सिरीजभरात .६८८. अजून पोटात दुखतं.

निशिकासाई

मी तोक्योहून. तुम्ही सगळे अमेरिकेतच अडकलात, आमच्याकडे हा सिनेमा अजून चालू आहे!

जपानमध्येही दोनच लीग, १९५० पासून: सेंट्रल आणि पॅसिफिक. पॅसिफिकनं १९७५ मध्ये डीएच घेतला. तेव्हा त्यांचे संघ गरीब, स्टेडियम रिकामी, काहीतरी करून माणसं आणायची होती. सेंट्रलकडे योमिउरी जायंट्स आणि हानशिन टायगर्स, टीव्ही त्यांचाच, त्यांना कसली गरज? इथं जुनी म्हणच आहे: लोकप्रियता सेंट्रलची, ताकद पॅसिफिकची.

आणि ताकदीचं खरं ठरलं. २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ दोन वर्षं निप्पॉन सिरीजमध्ये, म्हणजे इथल्या वर्ल्ड सिरीजमध्ये, पॅसिफिकच्या सॉफ्टबँकनं जायंट्सना ४-० धुतलं. एकही सामना नाही! जायंट्सचा मॅनेजर हारा तेव्हापासून म्हणायला लागला की सेंट्रललाही डीएच हवा. लोकांचं म्हणणं असं: पॅसिफिकच्या पिचरला नऊच्या नऊ खरे बॅटर मिळतात, मधे विश्रांती नाही, म्हणून त्याला जोरात फेकावंच लागतं; त्या वेगाची सवय होऊन बॅटरही तयार होतात. ओहतानी, दार्विश, तानाका, सेंगा, यामामोतो, सासाकी, हे सगळे पिचर पॅसिफिकमधून अमेरिकेला गेले.

मी जिंगू स्टेडियमला जाते, याकुल्ट स्वॅलोजकडे, सेंट्रल लीग. सातव्या इनिंगला सगळे छोट्या छत्र्या उघडून नाचवतात, मुलीला तेवढ्यासाठीच यायचं असतं. तिथं पिचरची बॅटिंग बघण्यासारखी असते. माणूस बेसवर असेल तर बंट (चेंडूला नुसती बॅट टेकवायची), ते मात्र अगदी घोटून. आणि दोन आउट असतील तर पिचर बॅटर्स बॉक्सच्या पार लांबच्या कडेला जाऊन उभा राहतो, बॅट खांद्यावर, तीन चेंडू येताना बघतो, वाकून नमस्कार केल्यासारखं करतो आणि जातो. पहिल्यांदा मला वाटलं ह्याला बरं नाहीये. शेजारच्या काकूंनी समजावलं की हात जपतोय, लवकर संपवून फेकायला जायचंय. सगळं स्टेडियम समजूतदारपणे गप्प.

भोचक

इमानागा सेंट्रलचा. कुरोदा, माएदा सेंट्रलचे. यादी सोयीची केलीत.

निशिकासाई

केलीच. तरी माझी लांब आहे. :)

शिवाजीपार्कचा

एक बाळबोध प्रश्न. आता नियम एक, अंपायर एक, चेंडू एक. मग दोन लीग ठेवल्यात कशाला?

पेन्सिलवाली

ऑक्टोबरसाठी. प्लेऑफचे दोन रस्ते आणि शेवटी गाठ. बाकी २०२३ पासून प्रत्येक संघ दर वर्षी उरलेल्या एकोणतीसही संघांशी खेळतो. १६२ पैकी ४८ सामने दुसऱ्या लीगशी (२०२४ पर्यंत ४६). अनोळखीपणा संपला. संघसुद्धा घर बदलतात: १९८२ चे ते होमरनवाले ब्रुअर्स १९९८ मध्ये नॅशनलमध्ये आले, ह्यूस्टन २०१३ मध्ये अमेरिकनमध्ये गेलं. ह्यूस्टननं तर २००५ मध्ये नॅशनलचं आणि २०१७ मध्ये अमेरिकनचं अजिंक्यपद घेतलं.

आणि २०२५ ची वर्ल्ड सिरीज आठवा. अमेरिकन लीगचे टोरांटो म्हणजे चेंडूला बॅट लावणारे, स्ट्राइक-आउट न होणारे, जुन्या नॅशनलसारखे. समोर नॅशनलचे डॉजर्स, आणि त्यांचा ओहतानी डीएच. तिसरा सामना अठरा इनिंगचा, ओहतानी नऊ वेळा बेसवर पोचला. जुन्या नियमात नॅशनलच्या मैदानावर डीएचच नसता!

भोचक

जुन्या नियमात तो पिचर म्हणून बॅटिंग करता आणि फेकून झालं की डबल स्विचमध्ये गेला असता. २०२२ मध्ये त्याच्यासाठीच तर नियम आणला, पिचर म्हणून बाहेर गेला तरी डीएच म्हणून राहायचं. पन्नास वर्षं भांडलो पिचरला बॅटिंग येत नाही म्हणून, आणि डीएच सगळीकडे लागू झाला तेव्हा जगातला सगळ्यात भारी बॅटर पिचर निघाला.

एडिसनकर

हे बाकी खरं.

आता माझी आवडती गोष्ट, जी मी धाकट्याला शेवटी सांगितली. १९८० च्या ऑगस्टमध्ये नॅशनल लीगमध्ये डीएचवर मतदान झालं होतं. फिलाडेल्फियाच्या वतीनं उपाध्यक्ष बिल जाइल्स आलेला. मतदानाच्या वेळी कळलं की नियम लगेच लागू होणार नाही, १९८२ पासून होणार. मग मत काय द्यायचं? मालकाला विचारायला फोन केला तर मालक मासे पकडायला गेलेले. मोबाइलचा जमाना नव्हे. जाइल्स तटस्थ राहिला. पिट्सबर्गच्या माणसाला सांगून ठेवलेलं की फिलाडेल्फिया करेल ते करायचं, म्हणून तोही तटस्थ. ह्यूस्टनही. बाजूनं चार, विरुद्ध पाच, तटस्थ तीन. नियम पडला, आणि बेचाळीस वर्षं पडलेलाच राहिला.

माझी शेमधली ती दीड मिनिटं, एस्टेसचा होमरन, २०१६ मध्ये सॅन डिएगोत बेचाळीस वर्षांच्या मेट्सच्या पिचरनं, बार्टोलो कोलोननं, मारलेला आयुष्यातला पहिला होमरन (मी हातातली आमटीची वाटी सोफ्यावर सांडली होती, डाग अजून आहे), सगळं एका माशाच्या गळाला लटकलेलं.

पोराला गोष्ट आवडली. मग मी माळ्यावरून २००२ चं ते एस्टेसच्या सामन्याचं कार्ड काढलं. पेन्सिलवाली ताई, मीही तेव्हा लिहायचो, तुमच्याइतकं नीटनेटकं नाही. त्यानं ओळी मोजल्या, नवव्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबा, ह्याच्यापुढे एक लिहिलंय. आजी म्हणते ना, एक नंबर म्हणजे सगळ्यात भारी? मग हा सगळ्यात खाली का?"

पेन्सिलवाली

कार्डाचा फोटो टाका.

निशिकासाई

एडिसनकर, त्याला इकडे आणा. सेंट्रल लीगनंही ठरवलंय, २०२७ पासून डीएच. म्हणजे २०२६ हा पिचरच्या बॅटिंगचा शेवटचा मोसम. जिंगूला नवव्या ओळीत अजून एक लिहितात. छत्री मी देते.

एडिसनकर

नेवार्कहून तिकिटं बघतोय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.